ड्रमर व्हावं, डीजे व्हावं की प्रोड्यूसर? खानापूरच्या मुलाला उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या २१ वर्षांच्या एका मुलानं विचारलंय. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "मी लहानपणापासून हलगी वाजवतो. चार वर्षं झाली, गावच्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅडवर आहे. आयटीआय झालंय, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम मिळायलंय, घरात म्हणतात नोकरी धर. मला म्युझिकमध्येच राहायचं आहे. ६० हजार साठवलेत. ड्रमसेट घेऊ, डीजे कंट्रोलर घेऊ, की लॅपटॉप घेऊन प्रोडक्शन शिकू? आणि बेळगावात राहून हे जमेल काय, की पुणे-मुंबई गाठावी लागेल? सांगा की दादा."

आधी पैशांचं सांगतो, कारण चूक झाली तर तिथंच सगळ्यात आधी होते. ड्रमसेट घेऊ नकोस. गावातल्या घरात त्याचा आवाज कुणी महिनाभर सोसणार नाही, आणि सरावाला ड्रमसेट लागतोच असं नाही. कंट्रोलरही, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं डीजेचं यंत्र, आत्ता नको. ज्या लग्नात तुला डीजे म्हणून उभं राहायचंय तिथं साउंडवाल्याकडं तो असतोच, सुरुवातीला त्याचाच वापर. ६० हजारांतले निम्म्याहून जास्त चांगल्या वापरलेल्या लॅपटॉपला घाल, १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नकोस. उरलेल्यात दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा, वाद्याचा आवाज लॅपटॉपात घेणारी पेटी), एक साधा दणकट डायनॅमिक माइक, कान झाकणारा हेडफोन, रबरी प्रॅक्टिस पॅड आणि काठ्यांचे दोन जोड. थोडे पैसे मागं ठेव. ते कशासाठी ते पुढं येईल.

आता मूळ प्रश्न. ड्रम वाजवणं, डीजे म्हणून गाणी लावणं आणि प्रोड्यूसर म्हणून लॅपटॉपवर गाणं बांधणं, ह्या तीन वाटा तू वेगवेगळ्या समजतोयस. २६ वर्षं मी ह्या तिन्ही कामांवर घर चालवलं, आणि माझ्या हाताला ती तीन कधी वाटली नाहीत.

मी बेळगावातल्या वडगावचा. आमच्या घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग. दोन माग कधीच अगदी एका वेगानं चालत नाहीत. एक जरासा मागं राहतो. त्यामुळं त्यांचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात, हळूहळू जवळ येतात, काही क्षण दोन्हींचा मिळून एकच माग झाल्यासारखा वाटतो, आणि पुन्हा फाटतात. लहानपणी झोप येईपर्यंत मी त्या एक होण्याची वाट बघत पडायचो. पुढं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत असताना गोव्यातल्या एका हॉटेलात पहिल्यांदा डीजेच्या शेजारी उभा राहिलो. तो एका तबकडीचा वेग बोटानं सरकवत दुसरीच्या ठोक्याला जुळवत होता. हे आपलं जुनं ओळखीचं आहे, एवढंच मनात आलं. त्यानं त्याला बीटमॅचिंग म्हटलं. मी ते आठ वर्षांचा असताना ऐकून शिकलो होतो.

आणि हे फक्त माझ्यापुरतं नाही. डीजे ह्या कामाचा आजचा अवतार ड्रमरच्या वाजवण्यातूनच जन्मला. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तो दिवस हिपहॉपचा जन्मदिवस मानतात. त्याच्या लक्षात आलं होतं, की गाण्यात बाकी वाद्यं थांबून नुसता ड्रम उरतो त्या काही सेकंदांना लोक सगळ्यात जास्त नाचतात. मग तोच तुकडा लांबवायचा म्हणून दोन टर्नटेबलांवर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती ठेवून तो आलटून पालटून वाजवायला लागला. म्हणजे डीजेनं पहिल्यांदा काय केलं, तर ड्रमरला जास्त वेळ दिला. यात्रेत हलगीवाले दोघं समोरासमोर येतात आणि बेंजो थांबतो, गर्दी गोल करते, तो क्षण तू चार वर्षं स्वतः वाजवतोयस. हर्कनं जे हेरलं ते तुझ्या हातात आधीपासून आहे.

ही वाट चालून गेलेली माणसंही बघ. कर्ष काळे हा मराठी आडनावाचा, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला कलाकार तबला आणि ड्रम वाजवतो, डीजे आहे आणि प्रोड्यूसरही. उस्ताद झाकिर हुसेन आणि बिल लासवेल यांच्या तबला बीट सायन्स ह्या ग्रुपमध्ये तो होता. द रूट्स ह्या अमेरिकन हिपहॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह रात्री डीजे म्हणून वाजवतो आणि दिवसा दुसऱ्यांच्या रेकॉर्ड करतो. आपल्याकडं रणजित बारोट ड्रमर म्हणून जेवढे मोठे, तेवढेच संगीत-संयोजनात. ह्यांच्यातल्या कुणीही एक वाद्य टाकून दुसरं धरलं नाही. पहिल्या वाद्याची लय घेऊन ते पुढच्या यंत्राकडं गेले. चरणजित सिंग यांचं उदाहरण तर मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला देतो. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या ह्या माणसानं १९८२ साली रोलँड कंपनीची टीआर-८०८ हे ठोक्यांचं आणि टीबी-३०३ हे बासचं, अशी यंत्रं घेऊन दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कुणी फारशी विचारली नाही. २०१० ला ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले, कारण अॅसिड हाउस म्हणून पुढं जे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत गाजलं त्याच्याशी तिचं नातं लागत होतं. यंत्र सगळ्यांकडं सारखंच होतं. त्यांच्याकडं राग होते. तुझ्याकडं हलगी आहे.

म्हणून माझा सल्ला एकाच वाक्यात बसतो: हात आधी, यंत्र नंतर, पण यंत्राला हात जोडायला उशीर करू नकोस.

हाताचं बघू. हलगीवाल्याचा मनगटाचा वेग ड्रमरांना हेवा वाटावा असा असतो, कारण एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्यात बारीक काडी घेऊन दोन हातांना दोन वेगळी कामं करायची सवय असते. पण त्यातूनच एक खोड लागते. बारीक काडीचा हात कायम हलकाच राहतो. ड्रमवर दोन्ही हात सारखे लागतात. पॅडवर रोज अर्धा तास पॅराडिडल कर: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय धरणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेव. डोळे मिटून ऐकलं तर कुठला हात वाजतोय ते कळता कामा नये. तसं होईपर्यंत ६१ करू नकोस. ड्रमच्या शिक्षणात असे ४० मूळ तुकडे मानतात, सगळे पाठ करायची घाई नाही. पहिल्या वर्षात आठ-दहा पक्के झाले तरी पुष्कळ.

दुसरी उणीव पायांची. हलगीवाला आणि ऑक्टोपॅडवाला दोघंही पाय वापरत नाहीत, फार तर ताल धरायला टाच आपटतात. ड्रमसेटवर उजवा पाय स्वतंत्र वाद्य आहे, डावा आणखी एक. त्याला ड्रमसेट लागत नाही. खुर्चीवर बस, जमिनीवर उजव्या पायानं चार मात्रा सरळ दे, डाव्या टाचेनं दुसरी आणि चौथी, आणि मांडीवर हातानं केहरवा वाजव: धागे नाती नाक धिन. पहिले पंधरा दिवस हात आणि पाय एकमेकांना ओढतील. त्यानंतर एक दिवस अचानक सुटतील. मला हे जमायला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत मी किती वेळा रडकुंडीला आलो ते घरच्यांना माहीत आहे.

हाउस म्युझिकला साधारण १२० ते १२८ ची लय असते आणि चार सरळ ठोके. आपल्या माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही, केहरव्याच्या आठ मात्रा त्यात तंतोतंत बसतात. नाचायचं संगीत बहुतेक ३२ ठोक्यांच्या पट्ट्यात बांधलेलं असतं, म्हणजे केहरव्याची चार आवर्तनं. नव्या डीजेला दुसरं गाणं नेमकं कुठं आत आणायचं ते पडद्यावरच्या रेघा बघून ठरवावं लागतं. तुला सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, कळते. तिसाव्या-एकतिसाव्या ठोक्याला तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, घ्यावीशी वाटते ना, तीच जागा. ह्या बाबतीत तू पहिल्याच दिवशी पुढं आहेस.

अडचण आपल्याकडच्या दुसऱ्या अर्ध्या संगीतात येते. लावणीची ढोलकी, गोव्याचं दुल्पद, कितीतरी भजनं, बरीचशी सहाच्या चालीत. चार सरळ ठोक्यांवर ती ओढून ताणून बसवली की लोक नाचायचे थांबतात आणि का थांबले ते डीजेला समजत नाही. उपाय आहे: मोठा ठोका कायम ठेव, आतली विभागणी बदल. प्रत्येक ठोक्याच्या चारऐवजी तीन फोडी. लय १२० चीच राहते, पण झुला येतो. हे मी सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवू शकतो, पण खरं समजेल ते उजव्या पायानं ठोका धरून मांडीवर सहा मात्रांचा दादरा वाजवलास की.

आता डीजेच्या कामाचं. टेक्निक्स कंपनीच्या टर्नटेबलवर १९७९ पासून वेगाची सरकपट्टी आली, ८ टक्के वर, ८ टक्के खाली. म्हणजे १२० चं गाणं ताणून जेमतेम १२९ पर्यंत जायचं. आज सॉफ्टवेअर एका बटणात जुळवून देतं, तरी मी शिकवताना ते बटण बंद ठेवायला लावतो. कानानं जुळवता येणाऱ्याला गाणी निवडताना वेगळं ऐकू येतं. ८५ चं हिपहॉप आणि १७० चं ड्रम अँड बास एकच आहेत, फक्त एकात निम्मे ठोके मोजले, हे कानाला दिसतं, आकड्याला नाही.

सीमाभागात डीजेला जे मिळतं ते पुण्या-मुंबईत मिळत नाही, हे मला मनापासून सांगायचंय. निपाणीजवळ एका लग्नात नवरदेवाकडचे मराठी, नवरीकडचे गोकाककडचे कानडी. पहिला अर्धा तास मी मराठी वाजवलं, एक बाजू नाचली आणि दुसरी खुर्च्यांवर. मग कानडी जनपद लावलं, तर उलटं. दोन्हीकडची म्हातारी माणसं माझ्याकडं बघत होती. शेवटी सगळी गाणी बंद केली, ११२ वर नुसती किक (ड्रमचा पायानं पडणारा जाड ठोका) आणि टाळी ठेवली आणि हलगी गळ्यात घालून मैदानात उतरलो. हलगीला भाषा नाही. इकडं तिला हलगी म्हणतात, तिकडं हलगिच. पाच मिनिटांत दोन्ही वरमाया एका रिंगणात होत्या. त्यानंतर वर कुठल्याही भाषेचं गाणं आणलं तरी चाललं. त्या रात्रीपासून माझ्या डीजे सेटमध्ये हलगी कायम आहे, आणि मला काम मिळतं ते त्या हलगीमुळं. बेळगावात लॅपटॉपवर गाणी लावणारे गल्लोगल्ली आहेत. सेटच्या मधोमध उतरून हातानं वाजवणारे थोडे.

आपल्या आजूबाजूला काय काय आहे ते एकदा नीट मोज. हलगी-घुमकं-कैताळाचा कोल्हापुरी ताफा, निपाणी-चिकोडीकडचे धनगरी ढोल, जिल्ह्याच्या पूर्वेकडं करडी मजलूचा करडी वाजा, सौंदत्तीच्या वाटेवर जोगत्यांचं चौंडकं, भजनी मंडळांची पखवाज-टाळ, चोर्ला घाट उतरला की घुमट. एवढा ठेवा दोन-अडीच तासांच्या अंतरात. त्या त्या वाजवणाऱ्यांकडं जा, पायाशी बस, विचार, ऐक, परवानगी घेऊन रेकॉर्ड कर, आणि मानधन देऊन रेकॉर्ड कर. मागं ठेवायला सांगितलेले पैसे ह्यासाठी.

एका गोष्टीवर मी कठोर आहे, आवाजावर. माझ्या उजव्या कानात सात वर्षं अखंड शीळ वाजते. मिरवणुकांत स्पीकरच्या भिंतीसमोर सलग रात्री काढल्या त्याचं हे फळ, आणि ते परत जात नाही. रात्री सगळं शांत झालं की तीच शीळ राहते. हिशेब साधा आहे: ८५ डेसिबलला कान साधारण ८ तास तग धरतो, आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. मिरवणुकीतल्या भिंतीसमोर १०० म्हणजे कमीच. पहिल्या कमाईतून संगीतासाठी बनवलेले इअरप्लग घे. कापूस घालून भागत नाही. आणि फाउंड्रीत गेलास तर तिथंही घाल, कान एकच आहे, दिवसा कमावून रात्री उधळायला दुसरा नाही.

कायदाही माहीत असू दे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. पोलिसांनी मिक्सर उचलून नेला तर तो सोडवायला मंडळाचे कार्यकर्ते नव्हे, तू जाणार आहेस. ऑर्डर घेतानाच वेळ लिहून घे.

मिरवणुकीतली आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत एकदा लेझीमचं पथक पुढं आणि आमची साउंडची गाडी मागं. पुढच्या ओळीतली पोरं सतत उशिरा पडत होती आणि मुकादम त्यांच्यावर ओरडत होता. चूक पोरांची नव्हती. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ४० मीटर पुढच्या पोराला ठोका सेकंदाच्या आठव्या-नवव्या हिश्श्यानं उशिरा ऐकू येतो, आणि १२० च्या लयीत तो जवळपास पाव ठोका होतो. त्यानंतर मी हलगीवाला एक माणूस नेहमी लेझीमच्या मधोमध चालवतो. मोठा स्पीकर लावून हे सुटत नाही.

आता स्टुडिओ. कुठलं सॉफ्टवेअर असं विचारू नकोस, एबलटन असो, एफएल स्टुडिओ असो, जे मित्राकडं आहे ते घे म्हणजे अडलं की विचारता येईल. पण विकत घे. फुकटची फोडलेली प्रत ऐन कामात दगा देते, आणि दुसऱ्यानं आपल्या मेहनतीचे पैसे द्यावेत असं म्हणणाऱ्यानं स्वतः द्यावेत.

ऑक्टोपॅड इंटरफेसला जोडून वाजवताना उशिरा ऐकू येतं असं वाटेल. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा घास घेतो ते माप, ५१२ वर असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला साधारण पावणेबारा मिलिसेकंद एका बाजूचेच जातात, हलगीवाल्याच्या मनगटाला ते कळतं. रेकॉर्ड करताना १२८ वर आण, तीनच मिलिसेकंद उरतात. मिक्स करताना पुन्हा वाढव.

हलगी रेकॉर्ड करणं मला वाटतं तितकं सोपं नव्हतं. तिचा पहिला कडाका इतका झटक्यात येतो की माइक जवळ ठेवला तर नुसता फाटका आवाज मिळतो. दोन-अडीच फूट लांब, किंचित बाजूला, आणि आवाजाची पातळी वाटते त्याच्या निम्मी ठेव. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड केलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. चामड्याची हलगी असेल तर आधी तापव. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात पान दहा मिनिटांत सैल पडतं, म्हणून दर दोन टेकनंतर पुन्हा शेक, नाहीतर सकाळचा आणि दुपारचा सूर जुळणार नाही. फायबरच्या पानाला हा त्रास नाही, पण चामड्याचा घशातला आवाजही नाही. माझी पसंती स्पष्ट आहे. मिक्समध्ये हलगीचा १५० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाक, तिथं किक आणि घुमकं राहू देत. तिची जागा वर आहे.

आणि क्वांटाइझ. ह्या एका बटणानं आपल्याकडच्या किती रेकॉर्डिंगचा जीव घेतला ते मी मोजू शकत नाही. हलगीवाला सरळ रेघेत वाजवत नाही. दुसऱ्या ठोक्याला जराशी ओढ देतो, चौथा किंचित घाईत टाकतो, आणि त्या ओढीवरच पाय उचलतो. सॉफ्टवेअरमध्ये घेऊन सगळे ठोके रेघेवर चिकटवले की उरतो तो टाइपरायटर. डेट्रॉइटचा हिपहॉप प्रोड्यूसर जे डिला एमपीसी ह्या ठोके रचायच्या यंत्रावर ठोके मुद्दाम मागं-पुढं सरकवून ठेवायचा, आणि पुढं खऱ्या ड्रमरांनी त्या यंत्राची ती ढिलाई हातानं वाजवायचा सराव केला. तू उलट दिशेनं ये. तीन मिनिटं मेट्रोनोमशिवाय हलगी रेकॉर्ड कर, सॉफ्टवेअरला त्या वाजवण्यातून लयीचा साचा काढू दे, आणि किक, बास, सगळं त्या साच्यावर बसव. यंत्रानं माणसामागं चालावं. हे करायला वेळ लागतो, एका गाण्याला मला दोन-दोन दिवस लागलेत, आणि त्या गाण्यांवरच लोक विचारतात की ही हलगी कुठली.

पैशांच्या कागदाचं सांगतो, कारण इथं मी स्वतः पोळलोय. तारुण्यात एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं माझ्याकडून हलगी आणि ढोलकीचे चाळीस तुकडे वाजवून घेतले, पाच हजार रोख दिले, कागद काही नाही. दोन वर्षांनी एका जाहिरातीत माझीच हलगी ऐकू आली. ती ओढ माझी, वाजवताना काडी रिंगला घासल्याचा आवाजही माझा. सिद्ध करायला हातात काहीच नव्हतं. माझ्याहून फार मोठ्या माणसांबरोबर हे झालंय. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या बँडमधल्या क्लाइड स्टबलफील्डनं १९६९ साली वाजवलेला ड्रमचा एक तुकडा पुढं शेकडो रेकॉर्डमध्ये कापून वापरला गेला. गीतकार-संगीतकार म्हणून नाव नसल्यामुळं त्या वापराची रॉयल्टी त्याला मिळाली नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा मालक ते करवून घेणारा निर्माता धरतात, आणि प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगवर हक्क ६० वर्षं चालतो. म्हणून लॅपटॉप घे म्हणालो. स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या यंत्रावर केलेल्या रेकॉर्डिंगचा निर्माता तूच. चाल तुझी असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनं संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवलाय, आयपीआरएस ह्या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा सभासद हो. दुसऱ्यासाठी वाजवशील तेव्हा अर्धं पान पुरे: कुठल्या गाण्यासाठी, किती पैसे, दुसरीकडं वापरायचं तर काय, नाव कुठं छापणार. दोन्ही सह्या. ओळखीचा असेल तर आधी सही. आणि यात्रेतल्या म्हाताऱ्या हलगीवाल्याकडून तू रेकॉर्ड करशील तेव्हा तोच कागद त्याला मराठीत किंवा कानडीत वाचून दाखव. जे माझ्याशी झालं ते तुझ्या हातून होऊ नये. डीजे म्हणून लग्नाच्या विधीत गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावलेल्या हॉटेलच्या पार्टीला परवाना लागतो. तो आयोजकानं घेतलाय का ते विचारून ठेव.

नोकरी धर. हे मी जड मनानं नाही सांगत. आपल्याकडचं काम वर्षभर सारखं नसतं: तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, माघ-फाल्गुनापासून गावोगावच्या यात्रा, मे महिन्यापर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही. आषाढात सगळं थंड, मग गणपतीचे दिवस, पितृपक्षात पुन्हा शून्य. पहिली दोन वर्षं ते रिकामे महिने पगारानं निघू देत. शिफ्ट सकाळची मागून घे, म्हणजे संध्याकाळ हाताला राहील. पावसाळ्यात ऑर्डर नसतील तेव्हा स्टुडिओचं काम कर, मी अजूनही वर्षाची सगळी गाणी आषाढ-श्रावणातच बांधतो. वडिलांना सांग की दोन वर्षं वहीत प्रत्येक सुपारीचा जमाखर्च लिहीन, आणि सलग बारा महिने संगीताची कमाई पगाराएवढी झाली तरच नोकरी सोडण्याचं बोलेन. आकडे असले की घरातलं भांडण निम्मं होतं.

पुणे-मुंबईचं म्हणशील तर शिकायला जा. सहा महिने एखाद्या स्टुडिओत वायरी गुंडाळल्यास तरी पुष्कळ मिळेल. पण राहायलाच तिथं पाहिजे असं नाही. कुमार गंधर्व इथून जवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मले, मुंबईत देवधरांकडं शिकले, आणि आयुष्यभराचं काम केलं ते मध्य प्रदेशातल्या देवासमध्ये, बेळगावाहूनही लहान गावात. माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडत राहिली आणि ती त्यांच्या गाण्यात उतरली. तुझ्या कानावर काय पडतंय ते तू आधीच सांगितलंस.

लॅपटॉप यायच्या आधी एक कर. गावच्या यात्रेआधी एका संध्याकाळी गच्चीवर हलगी तापवून बस, मोबाइल चार फुटांवर ठेव, आणि तीन मिनिटं न थांबता वाजव. मेट्रोनोम नको, सोबतीला कुणी नको. तीन दिवस ते ऐकू नकोस. चौथ्या दिवशी हेडफोन घालून ऐक आणि वहीत लिही, लय कुठं पळाली, कुठं बसली, आणि कुठल्या जागी आपोआप मान हलली. ते रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून त्या वहीसह माझ्याकडं घेऊन ये. फाइल व्हॉट्सअॅपवरून ऑडिओ म्हणून पाठवू नकोस, त्यात आवाज दाबला जातो आणि ज्या ओढीबद्दल आपल्याला बोलायचंय ती काडीची नाजूक घास त्यात आधी मरते.